नवारीच्या पट्ट्याची गिटार

गिटार बसून वाजवणं आणि उभं राहून वाजवणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला ते कळलं आंधळगावच्या मंडईच्या फक्त सोळा दिवस आधी!

त्याआधी दीड वर्ष मी घरच्या खाटेवर बसूनच वाजवत होते. गिटार माझ्या चुलतभावाची, प्रविणदादाची. तो पोलीस भरतीत लागला आणि जाताना इलेक्ट्रिक गिटार, तिचा आवाज मोठा करणारा एक छोटा अँप आणि एक लाल डबी मला देऊन गेला. डबी म्हणजे पायाने दाबायचं यंत्र. गिटारची वायर आधी डबीत जाते, मग दुसरी वायर डबीतून अँपमध्ये. डबी दाबली की साधा सूर असा गुरगुरतो की शेजारचं कुत्रं उठून जागा बदलतं. डबीशिवायची गिटार म्हणजे मला बिनमिठाची भाजी वाटायची.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाची वेगळ्या दिवशी. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, जिलबी आणि शिंगाड्यांची दुकानं लागतात, आणि भर दुपारी मैदानात खडी गंमत रंगते. ढोलकी, झांजा, एक शाहीर, साडी नेसून नाचणारा एक पुरुष, आणि सगळ्यांचं गाणं-बोलणं उभ्याउभ्याच. आमच्या मोहाडीच्या श्यामराव शाहिरांची पार्टी त्यात नावाजलेली. यंदा त्यांचा कॅसिओवाला कंपनीत लागून पुण्याला गेला. ही बातमी माझी मैत्रीण गुड्डी घेऊन आली आणि त्याच संध्याकाळी मी गिटार पाठीला लावून शाहिरांच्या अंगणात हजर!

अकरावीत आल्यापासून माझं असं झालंय. आधी मी वर्गात हजेरीसुद्धा इतकी हळू द्यायची की मॅडम मला गैरहजर लावायच्या. मग गॅदरिंगला एकदा वाजवलं, खुर्चीवर बसून, आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांची चव एकदा लागली की मग माणूस कोणाच्याही अंगणात जातो.

शाहीर खाटेवर बसून ढोलकीची दोरी आवळत होते. मी समोरच्या ओट्यावर बसले आणि वाजवायला लागले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "उठ."

"काहून शाहीर? आवडलं नाही का?"

"आवडलं. पण आपल्या गमतीचं नाव काय हाय?"

"खडी गंमत."

"मंग? बसून कायले वाजवून राहिली?"

मी उठले. पट्टा गळ्यात घातला. फोनवर सगळे मोठे गिटारवाले गिटार गुडघ्याजवळ लटकवतात, म्हणून मीही पट्टा चांगला लांब केला होता. दिसायला एकदम भारी! पण मनगट वळेना, बोटं तारांवर पोचेनात, आणि डावा हात जरा सोडला की गिटारची मान थकलेल्या बैलासारखी खाली जायची. दीड वर्षात पाठ झालेलं सगळं दोन मिनिटांत हातातून गेलं.

"कमरेवर हंडा घेऊन पाण्याले चालली का व?" कोपऱ्यातून आवाज आला. ते चंद्रकुमार काका. एरवी धान कापतात, पण मंडईच्या दिवसांत मिशी काढून राधा होतात. वीस वर्षं झाली. "खाटेवर बसून वाजवते तवा गिटार कुठं राहते तुही?"

"छातीच्या खाली."

"मंग उभी राहून बी तिथंच ठेव ना! हाताले काय मालूम तू बसली का उभी?"

शाहीर हसले, पण निर्णय त्यांनी लगेच सांगून टाकला. "आंधळगावले दोन गाणे देतो. गण अन् गौळण. मैदानाच्या दुसऱ्या टोकाले दंडारीचा नाच राहीन. पब्लिक आपल्यापाशी बसली राहिली तं सुट्टीभरच्या आठही मंडया तुह्या. उठून दंडारीकडे गेली तं मी बुलबुलतरंगवाला पाहीन. चालन?"

"चालन! अन् सुरुवात मी एकटी करणार. ढोलकीच्या आधी."

"एवढीशी हाय, पण फर्माईश पाय हिची," चंद्रकुमार काका म्हणाले.

घरी आईनेही आपली अट घातली. ती भाकरी थापत होती, मान वर न करताच बोलली, "शाहिरानं ठेवलं तं जाय बापा. नाई ठेवलं तं बारावी होईपर्यंत गिटार माळ्यावर. मंग रडजो नको."

म्हणजे आता फक्त मंडई नाही, गिटारच पणाला लागली होती. दीड वर्ष माळ्यावर! तिथे आमच्याकडे जुने मच्छरदाणीचे बांबू आणि फुटका कुलर राहतो.

मी जोरात तयारीला लागले. तयारी म्हणजे आधी कपडे. गुड्डीच्या भावाचं काळं रेक्झिनचं जॅकेट, त्याचेच टाचांचे बूट, काळा चष्मा आणि खाली चमकणारा सॅटिनचा टॉप. गुड्डीने फोटो काढला. मी स्वतःलाच ओळखलं नाही, इतकी भारी! त्याच वेशात तालमीला गेले. चंद्रकुमार काकांनी मला एकदा गोल फिरवून पाहिलं.

"स्टेजवरचा पडदा कोणत्या रंगाचा हाय?"

"गडद निळा."

"तू काळी. गिटार काळी. मांगून पाहणाऱ्याले काय दिसन? पडद्यावर कावळा बसला."

"काका, याला लूक म्हणतात!"

"लूक जवळून राहते. मंडईतली पब्लिक पन्नास हातांवरून पाहते. तिले चैन-बटन दिसत नाई, फक्त रंग दिसते. अन् हे चैन गिटारच्या पाठीवर घासते, पाहिलं का?"

गिटार उलटी करून पाहिली. खरंच दोन पांढरे ओरखडे! प्रविणदादा दिसला डोळ्यांसमोर. जॅकेट त्याच मिनिटाला उतरवलं. मग काकांनी गिटारचा रेक्झिनचा पट्टा बोटाने जरा ढकलला, तो सॅटिनवरून सुर्रकन खांद्याच्या टोकाला गेला.

"सॅटिनवर रेक्झिन. याच्यापेक्षा तेल लावून घे. नवार हाय का घरी?"

नवार म्हणजे खाट विणायची जाड सुती पट्टी. आईने कुरकुर करतच जुन्या खाटेची नवार काढली आणि गोणी शिवायच्या दाभणाने दुहेरी शिवून पट्टा केला. टोकांना भोकं पाडली. पट्टा गिटारच्या खुंटीवरून निसटू नये म्हणून मी सायकलच्या ट्यूबच्या दोन चकत्या कापून वर बसवल्या. पांढऱ्या पट्टीवर निळी रेघ असलेला तो पट्टा दिसायला खाटच होता! पण खांद्यावर असा बसला की मी उड्या मारल्या तरी हलेना. आईने माझ्या उड्या बघितल्या आणि म्हणाली, "खाट मोडली असती इतक्यात."

रंगाचंही काकांनीच ठरवलं. पिवळा. माझा हळदीच्या रंगाचा सुती कुर्ता निघाला, बाह्या कोपरापर्यंत कापल्या म्हणजे तारांना लागायला नको. बांगड्या बंद. तारा छेडायचे पिक तीन ठेवायचे, दोन खिशात आणि एक केसांच्या क्लिपमध्ये, कारण घामाने तो कधीही उडतो. वायर थेट गिटारमध्ये न खुपसता आधी पट्ट्यामागून एक वळसा द्यायचा. "कोणाचा पाय पडला तं झटका पट्ट्याले बसन, गिटारले नाई," काका म्हणाले. "मी साडीचा पदर असाच अडकवतो. वीस वर्षांत एकदा बी सुटला नाई." मला साडीला एक पिन नीट लावता येत नाही आणि हा मिशी काढलेला माणूस मला पदर शिकवत होता!

एकच गोष्ट मला पटली नाही. ते रोज म्हणायचे, "डबी बंद करून वाजव."

डबी बंद केली की सगळं उघडं पडायचं. बोट सरकल्याची चुरचूर, अर्धवट दाबलेला सूर, सगळंच्या सगळं.

"मी नथ, पाटल्या, गजरा सगळं घालतो," काका म्हणाले, "पण तालमीत घालतो का कधी? पहिले बिनदागिन्याचा नाच बसवा लागते."

मी रोज दहा मिनिटं डबीशिवाय वाजवायची. खरं सांगते, फक्त त्यांना दाखवण्यापुरतं.

शेवटच्या तालमीला शाहीर त्या लाल डबीजवळ उकिडवे बसले. "पोरी, याच्यात काय राहते?"

मी अगदी तोऱ्यात सांगितलं, "शाहीर, खरा जीव याच्यातच आहे. गिटार तर नुसतं लाकूड!"

शाहिरांनी गंभीरपणे मान हलवली. ते वाक्य त्यांनी मनात जपून ठेवलं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मंडईच्या दिवशी आंधळगावात पाय ठेवायला जागा नव्हती. ऊन चांगलंच होतं. पोतं, चादर, चप्पल, ज्याला जे मिळालं ते खाली टाकून लोक बसले होते. आई बायकांमध्ये दुसऱ्या रांगेत, आणि गुड्डी पुढे फोन धरून तयार. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दंडारीवाले टिपऱ्या ठोकून अंग मोकळं करत होते. मी बूट घालूनच आले होते, कारण काकांनी बुटांबद्दल काही म्हटलं नव्हतं! पण स्टेजच्या पायरीवर शाहिरांनी नुसतं माझ्या पायांकडे पाहिलं. पूजेच्या जागी चप्पल-बूट चालत नाही. बूट पायरीखाली गेले.

पूजा सुरू झाली. खडी गमतीत आधी वाद्यांना हळद-कुंकू लागतं, मग नारळ फुटतो, मग शाहीर तोंड उघडतात. ढोलकीला कुंकू लागलं, झांजांना लागलं, माझ्या गिटारच्या मानेलाही छान बोट ओढलं. मी हात जोडून उभी. मग शाहीर माझ्या लाल डबीसमोर बसले. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं एक फूल. मला काय अभिमान वाटला! गुड्डीला मी डोळ्यांनीच खुणावलं, हे घे फोनमध्ये. मग त्यांनी नारळ दगडावर आपटला आणि पाण्याची पहिली धार, जी दरवर्षी ढोलकीपुढच्या पाटावर पडते, ती या वर्षी डबीवर धरली. सगळीच्या सगळी.

माझे हात जोडलेलेच राहिले. पूजेच्या मधे 'थांबा' म्हणतात का कोणी?

"बोला गणपती बाप्पा..." शाहीर ओरडले. मैदान ओरडलं. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण सुरुवात मी एकटी करणार होते. हट्ट माझाच!

मी डबी दाबली आणि तार छेडली.

फर्र. फुर्र. चट्. मग काहीच नाही.

पुन्हा छेडली. काहीच नाही. अँपमधून साधी घरघरसुद्धा येईना. मागून कोणीतरी शिट्टी मारली. पलीकडे दंडारीच्या टिपऱ्या नेमक्या तेव्हाच सुरू झाल्या, आणि आमच्या मागच्या रांगांतले लोक उठून पार्श्वभागाची धूळ झटकायला लागले. धूळ झटकलेला माणूस परत बसत नाही. एका बाबाने पोरगं खांद्यावर घेतलं आणि तिकडे वळला. दुसऱ्या रांगेत आईने पदर तोंडाला लावला होता. मला डोळ्यांसमोर माळा दिसला, फुटका कुलर आणि त्याच्या बाजूला गिटार.

तेवढ्यात राधा पुढे आली. नथ, गजरा, हिरवी साडी, चंद्रकुमार काका कमरेवर हात ठेवून डबीवर वाकले. "अवं माय! देवाले नारळ देल्ला, अन् सर्दी डबीले झाली!"

मैदान फुटलं हसून.

"वाफ दे तिले!" कोणीतरी ओरडलं.

"वाफ कायची देतो? डाक्टर बसला तिकडे जिलबी खात!" काका म्हणाले आणि ठुमकत माझ्याजवळ आले. ओठ न हलवता मला म्हणाले, "दागिने गेले. नाच हाय ना? घे."

मी खाली बसले. डबीतली वायर उपटली आणि लांबवाली सरळ अँपमध्ये खुपसली. आता वायर एकच, त्यामुळे स्टेजच्या पुढच्या कडेपर्यंत जायचं माझं स्वप्न तिथेच संपलं. अँप शाहिरांच्या ढोलकीमागे होता. मला त्यांच्या कोपराला चिकटून उभं राहावं लागलं.

"काय झालं व?" त्यांनी हळूच विचारलं.

"डबी गेली. पाण्यानं."

त्यांचा चेहरा उतरला. "माह्या नारळानं?"

"हाव."

मी पट्टा खांद्यावर नीट केला. "तुमी थाप द्या, शाहीर. मी तशीच वाजवते."

"एकटी नाई करत सुरुवात?"

"नाही. सोबत."

थाप पडली. मी वाजवलं. पहिल्याच ओळीला बोट सरकलं आणि ती चुरचूर साऱ्या मैदानाला ऐकू गेली. लपायला डबी नव्हती. दुसऱ्या ओळीला मी नीट दाबून वाजवलं, जरा हळू, रोजच्या त्या दहा मिनिटांसारखं. आणि मग एक मजा झाली. पायात बूट नव्हते, आणि ढोलकीची प्रत्येक थाप फळ्यांतून माझ्या तळव्यांत येत होती! इतके दिवस तालमीत मी डबीच्या गुरगुराटात ढोलकी ऐकलीच नव्हती. आता मोजावं लागलंच नाही. थाप पायात, सूर हातात. साधा सूर, स्वच्छ, टिनाच्या छपरावर दाणे पडावेत तसा.

शाहिरांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं आणि ढोलकीचा आवाज जरा खाली आणला, मला जागा द्यायला.

गौळणीत काका गिरकी घेत मागे आले आणि त्यांचा पाय सरळ माझ्या वायरवर. झटका बसला! पण तो नवारीला बसला, गिटारला नाही. वायर जागची हलली नाही. काकांनी नाचता नाचता माझ्याकडे बघून डोळा मारला. पिक उडाला तेव्हा क्लिपमधला काढला, कोणाला कळलंसुद्धा नाही.

मग मी समोर पाहायची हिंमत केली. खांद्यावर पोरगं घेतलेला तो बाबा मैदानाच्या मध्यात थांबला होता. जरा वेळ उभाच ऐकत राहिला. मग त्याने पोरगं खाली उतरवलं, आणि त्याच्या शेजारी उकिडवा बसला. दंडारीकडून दोन बायका इकडे येत होत्या, हातात शिंगाड्यांचा पुडा घेऊन.

गौळण संपली तेव्हा पार मागून आवाज आला, "त्या पिवळ्या पोरीले अजून एक वाजवाले सांगा!"

पार मागून! ढोलकीच्या मागे कोपऱ्यात उभ्या असलेल्या मला तो माणूस ओळखत होता, ते हळदीच्या रंगामुळे. कावळ्याला कोण बोलावणार होतं?

तिसरं गाणं आम्ही ठरवलंच नव्हतं. गौळणच पुन्हा वाजवली.

कार्यक्रम आटोपल्यावर शाहीर पायरीवर बसले होते. डबी उलटी धरून ते एकेक थेंब झटकत होते आणि उपरण्याच्या टोकाने बटणाच्या फटीतलं कुंकू पुसत होते. मी जवळ गेले तशी ती त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली.

"तू म्हणाली याच्यात जीव हाय. म्हणून मी पहिली धार..."

"मीच चुकीचं सांगितलं होतं, शाहीर."

"नाई, पण वाईट वाटते." त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "परवा लाखांदूरकडे मंडई हाय. सकाळी सातची एस.टी. शाळेले सुट्टी हाय ना?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि मी इतक्या जोरात 'हाव!' म्हणाले की जिलबीवाल्याने वळून पाहिलं. "बाकीच्या सातही?"

"बुलबुलवाल्याले मी सांगतो, पुढच्या साली ये म्हणा. पण उभी राहजो माह्याच बाजूले. अन् पूजा बी करीन. पूजेबिगर मी कोणतंच वाद्य वाजू देत नाई."

"करा ना. फक्त कोरडी."

"कोरडी," ते म्हणाले. "अक्षता अन् फूल."

पाठीमागून चंद्रकुमार काका गजरा सोडत आले. "अन् बूट?"

"कोणते बूट?" मी म्हटलं. मी ते खरोखर विसरले होते. गुड्डी धावत जाऊन पायरीखालून घेऊन आली.

घरी आल्यावर आईने डबी माझ्या हातातून घेतली. शेजारच्या पोरीचा मोबाईल पाण्यात पडला होता तेव्हा तिने तो तांदळात ठेवलेला आईने पाहिला होता. आईने जयश्रीराम तांदळाचा डबा उघडला, खोल खड्डा केला, डबी आत ठेवली आणि वरून ओंजळभर तांदूळ लोटले.

"चार दिवस हात लावू नको," ती म्हणाली. मग झाकण लावता लावता, "परवा तो कुर्ता धुवून पाहिजे ना? दे आताच."

डबी अजून तांदळातच आहे. चालू होईल की नाही, माहीत नाही. लाखांदूरला मी ती नेणार नाहीये. पट्ट्याचं एक टोक जरा उसवलंय, तेवढं आज शिवून घेते.